दहा चित्रं आणि अकरावा बफेलो बिल

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून तयारी सुरू. बावीस दिवस हातात आहेत. माझ्यासारख्याला दहा पुरले असते, पण उगाच घाई नको.

म्युझियमच्या दारावर कागद लागलाय. अँडी वॉरहॉलची काउबॉय आणि इथल्या मूळच्या इंडियन लोकांवरची दहा छापील चित्रं आमच्या बेंटक्रीकला येतायत, महिनाभरासाठी. त्याआधी १४ मार्चला, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, त्याच विषयावर प्रश्नमंजुषा. संघ तिघांचा. जिंकणाऱ्या कप्तानाने दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचं उद्घाटन करायचं. पाच मिनिटं भाषण. माइकवर.

माइकवर!

एकतीस वर्षं मी या काउंटीतल्या गुरांचे लिलाव पुकारले. ऑक्टोबरमध्ये निवृत्त झालो. म्हणजे मला एक केक देण्यात आला. आता लिलाव कॉम्प्युटरवर होतात. कुणीतरी घरी सोफ्यावर बसून बटण दाबतो आणि इकडे बैल विकला जातो. माझा घसा मात्र तसाच आहे, नुसता पडून. परवा जेवताना आयडेलाकडे मीठ मागितलं, तर शेजारचे घेऊन आले.

गेली तीन वर्षं ही स्पर्धा डॉ. विटमर जिंकतोय. गुरांचा डॉक्टर. शांत माणूस. शांत माणसांचा मला पहिल्यापासून संशय येतो. आमचा संघ म्हणजे मी, माझी बायको आयडेला आणि ऑरिन प्रुइट. ऑरिन घोड्यांना नाल ठोकतो, चाळीस वर्षांचा दोस्त आहे. आमचा क्रमांक अनुक्रमे सहावा, सातवा, सातवा. म्हणजे कामगिरीत स्थिरता आलेली आहे.

पण यंदा विषय वेस्टर्न! मी जन्मलो वायोमिंगात, वाढलो वायोमिंगात. मला वाचायची गरज काय? तरी वाचणार. रोज दोन तास.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वाचन नाही. आधी बातमी अंगात मुरू द्यावी.

भाषणाला सुरुवात केली. चार पानं झाली. अजून 'बंधुभगिनींनो'च्या पुढे फारसा सरकलेलो नाही, पण पाया भक्कम झालाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लायब्ररीत जाऊन वॉरहॉलवरची पाच पुस्तकं उचलली. काउंटरवर कोरलीन व्हाइटप्लूम होती. चाळिशीची बाई, अरापाहो जमातीची. त्यांच्या रिझर्वेशनवरून, म्हणजे राखीव वस्तीवरून, रोज चाळीस मैल गाडी चालवत येते. शिक्के मारता मारता म्हणाली, "आजच गेला तो."

मी विचारलं, कोण?

म्हणाली, "ज्याची पाच पुस्तकं तुम्ही घरी नेताय तो. १९८७ साली, आजच्याच तारखेला."

मी म्हणालो, अर्थातच. आणि टोपी काढली. टोपीतून पावत्या पडल्या.

बाईला माहिती आहे. लक्षात ठेवणे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पद्धत सापडली. मोठ्याने वाचायचं. जेवण झालं की मी खुर्चीत बसून वाचतो आणि आयडेला समोर स्वेटर विणत बसते. तिचं लक्ष नसतं. आज मी बारा मिनिटं वाचल्यावर म्हणाली, "हे पान काल झालंय, लोवेल. तू पुढचं वाच, त्यात तो सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं लॉस एंजेलिसला मांडतो." म्हणजे मधूनमधून चुकून कानावर पडतही असेल.

एकूण वाचन: अकरा पानं. त्यातली सात दोनदा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कलावंत समजून घ्यायचा तर त्याच्यासारखं जगलं पाहिजे. वॉरहॉल म्हणे वर्षानुवर्षं दुपारी डब्यातलं सूप प्यायचा. सोमवारपासून मीही दुपारी टोमॅटो सूप. तीन दिवस झाले. कलेबद्दल नवीन काही उमगलेलं नाही. छातीत जळजळ मात्र चांगलीच उमगली.

प्रयोग थांबवला. तो पिट्सबर्गचा. त्यांची पोटं वेगळी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ऑरिनची परीक्षा घेतली. त्याच्याच कोठारात. प्रश्न सोपा होता: वॉरहॉल ही चित्रं कोणत्या पद्धतीने छापायचा?

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. मग कॉफी ओतली. मग बाहेर जाऊन कुंपणाचं फाटक नीट लागलंय का ते बघून आला. परत बसला आणि म्हणाला, "सिल्कस्क्रीन."

बरोबर. पण सात मिनिटं! स्पर्धेत मिळतं एक मिनिट. मी म्हटलं, ऑरिन, तुला आधीच माहीत होतं ना? म्हणाला, "होतं." मग बोलला का नाहीस? म्हणाला, "खात्री करत होतो."

फाटकाकडे जाऊन काय खात्री केली, देव जाणे.

घरी येताना कठोर विचार केला. नेतृत्व म्हणजे कठोर निर्णय. संघात तिघेच बसतात. त्यातली एक बायको, तिला काढता येत नाही.

१ मार्च, शनिवार

कोरलीनला विचारलं. थोडी प्रस्तावना केली. म्हटलं, दहातली निम्मी चित्रं तुमच्या लोकांचीच आहेत. ढाल आहे, मुखवटा आहे, त्या काचिना बाहुल्या आहेत. तुम्हाला तर हे सगळं घरचंच.

तिने चष्मा काढला. "मिस्टर टिबेट्स, त्या बाहुल्या होपी लोकांच्या, इथून सातशे मैलांवरच्या. मुखवटा समुद्रकाठचा. माझ्या आजीच्या घरी टीव्ही होता आणि टीव्हीवर प्लास्टिकची फुलं. मीही हे सगळं पुस्तकातूनच वाचलंय, तुमच्यासारखंच." मग चष्मा परत घातला. "फक्त शेवटपर्यंत."

विनोदी बाई आहे.

हो म्हणाली. एका अटीवर: उत्तर लिहायच्या आधी तिघांचं मत घ्यायचं आणि दोघांचं होईल ते लिहायचं. मी ताबडतोब मान्य केलं. कप्तानाचा विशेषाधिकार अध्याहृत असतोच, तो बोलून दाखवायची गरज नसते.

नंतर तिने विचारलं, "तुमचे ते मित्र कुठे गेले? दरवर्षी असतात ते?" मी म्हणालो, त्यांना यंदा जमत नाहीये.

आता त्याला जमत नसल्याचं त्याला कळवायला हवं.

३ मार्च, सोमवार

कळवलं.

खरं तेच सांगणार होतो. वाटेत वाक्यं जुळवलीसुद्धा. पण ऑरिन एका घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "तुझ्यासाठी थोडं वाचून ठेवलंय." बाजूला पेटीवर लायब्ररीचं पुस्तक. त्यात गवताच्या काड्या खुणेला घातलेल्या.

तेव्हा मी म्हणालो, म्युझियमने यंदा नियम बदललाय, संघात दोनच जण साठीच्या वरचे चालतात. तू अडुसष्टचा, मी सहासष्टचा, आयडेला चौसष्टची. मी तरी काय करणार!

ऑरिनने जरा वेळ विचार केला. मला वाटलं, आता फाटक बघायला जातोय. पण तो नुसता म्हणाला, "नियम आहे म्हणजे आहे." आणि घोडीचा पाय खाली ठेवला.

कुणालाही न दुखावता प्रश्न सुटला. याला म्हणतात माणसं हाताळणं. लिलावात हेच शिकलो.

भाषण: नऊ पानं.

५ मार्च, बुधवार

संघासाठी टी-शर्ट. माझीच कल्पना. वॉरहॉलच्याच पद्धतीने, सिल्कस्क्रीनने, अॅनी ओकलीचं चित्र छापायचं. नेमबाज बाई, दहा चित्रांतली एक. पुस्तकात म्हटलंय, जाळीदार कापड चौकटीवर ताणायचं. जाळीदार कापड स्वयंपाकघराच्या खिडकीला होतं.

सकाळी दहा ते दुपारी चार, गॅरेजमध्ये. गुलाबी आणि निळा रंग. पहिला शर्ट काढला. बाईला मिशा आल्या. दुसऱ्यावर मिशा गेल्या, पण टक्कल पडलं. तिसरा लांब धरून पाहिला आणि अंगावर काटा आला. हुबेहूब डॉ. विटमर. चौथाही विटमर. पाचवा तर हसणारा विटमर.

आयडेला संध्याकाळी आली. आधी खिडकी पाहिली. मग गुलाबी बाथटब पाहिला. मग मला. आवाज न चढवता एवढंच म्हणाली, "लोवेल, तो पडदा माझ्या आईचा होता."

तिला नवीन पडदा घेऊन देणे. आईचा मिळत नाही, साधा.

टी-शर्ट रद्द. साध्या कपड्यांत जास्त दरारा असतो.

७ मार्च, शुक्रवार

संघाचा पहिला सराव, आमच्या स्वयंपाकघरात. कोरलीनने वीस प्रश्न लिहून आणले होते. तिला वीस आले, आयडेलाला चौदा (नशीब!), मला सहा. पण सहाही मी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने दिले.

दहा चित्रांच्या यादीवरून जरा वाद झाला. मी म्हणालो, बफेलो बिल राहिला. कोरलीन म्हणाली, "तो नाहीये त्या दहांत." कसा नसेल? वेस्टचा सगळा तमाशा त्या माणसाने उभा केला. त्याच्या नावाचं गाव आमच्याच राज्यात आहे. माझ्या आजोबांनी त्याच्याशी हात मिळवला होता.

आयडेला विणता विणता म्हणाली, "आजोबा तेव्हा दोन वर्षांचे होते. त्यांनी त्याची मिशी ओढली होती. आणि तो बफेलो बिलच होता याला पुरावा काही नाही."

बायकोसमोर इतिहास बोलू नये.

कोरलीनने पुस्तक उघडून यादी दाखवली. जनरल कस्टर, थिओडोर रूझवेल्ट, जॉन वेन, जेरोनिमो, अॅनी ओकली, आई आणि मूल, ढाल, मुखवटा, काचिना बाहुल्या, आणि इंडियन माणसाच्या डोक्याचा छाप असलेलं पाच सेंटचं नाणं. बरोबर दहा. मी यादी वाचली. छापण्यात चुका राहतात.

८ मार्च, शनिवार

वाईट दिवस.

ऑरिन आज म्युझियममध्ये गेला. स्पर्धेत नाही तर नाही, खुर्च्या तरी मांडू लागतो म्हणून. तिथली प्रमुख, थिया लिंडग्रेन नावाची तरुण पोरगी, त्याला म्हणाली, "तुम्ही खेळत का नाही?" तो म्हणाला, वयाचा नियम आहे ना. ती म्हणाली, "कसला नियम? आमच्याकडे असा काही नियम नाही."

ऑरिन बरं म्हणाला आणि चाळीस खुर्च्या मांडून घरी गेला.

हे मला आयडेलाने सांगितलं. तिला थियाने सांगितलं. ऑरिनने कुणालाच काही सांगितलं नाही. मला ते जास्त लागलं. भांडला असता तर मी जिंकलो असतो.

मी आयडेलाला समजावलं, की हे एक प्रकारचं धोरण होतं. ती सुया खाली ठेवून म्हणाली, "तुझ्या अॅपेंडिक्सच्या वेळी बर्फात तीन तास गाडी चालवली त्याने. तेव्हा त्याने खात्री करायला फाटक पाहिलं होतं का रे?"

उत्तराची एक मिनिटाची मर्यादा उलटून गेली.

१० मार्च, सोमवार

आयडेलाने संघ सोडला. ती ऑरिनबरोबर खेळणार. तिसरी म्हणून पोस्टातली मिसेस ओबर्ग. म्हणजे एक सावकाश, एक विणकाम करणारी आणि एक जिला पत्ते सोडून काही पाठ नाही. मला त्यांची कीव आली.

ऑरिनची माफी मागायला हवी, हे मला दिसतंय. पण आत्ता मागितली तर त्याला वाटेल, आयडेला गेल्यामुळे मागतोय. म्हणून जिंकल्यावर मागावी. भाषणातच मागावी, माइकवर. गावासमोर मोठ्या मनाने. लोकांना गहिवरून येईल. एक पान त्यासाठी वाढवलं.

संघात आता आम्ही दोघेच. एकाविरुद्ध एक मत झालं तर? ठरवलं: कप्तानाची मतं दोन.

हे कोरलीनला सांगायचं राहिलंय.

१३ मार्च, गुरुवार

तयारी पूर्ण. पाचांपैकी दीड पुस्तक झालं. बाकीच्यांचं सार मी मुखपृष्ठांवरून काढलंय.

गरम पाणी आणि मध घेतला. गॅरेजमध्ये भाषण एकदा म्हणून पाहिलं: अडतीस मिनिटं. पाच मिनिटांची मर्यादा ही पाच मिनिटांत सगळं सांगून होणाऱ्या माणसांसाठी असते.

आयडेला घरात आहे, बोलतेय, जेवायला वाढतेय. पण मी वाचायला बसलो की ती उठून आत जाते. एकट्याने मोठ्याने वाचणं बरोबर वाटत नाही. मनात वाचून पाहिलं. काही ऐकूच येईना.

उद्या सगळं ठीक होईल.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ६.२०

काल घरी आल्यावर लिहिलं नाही. पेन सापडत नव्हतं. पेन शर्टाच्या खिशात होतं.

जे झालं ते क्रमाने.

नऊ संघ. विटमरने मुद्दाम आमच्या शेजारचं टेबल घेतलं. कारण दहा मिनिटांत कळलं. पहिला प्रश्न: कस्टर मेला ती जागा आज कोणत्या राज्यात आहे? मी कोरलीनच्या कानाशी हळूच म्हणालो, मॉन्टॅना. नऊच्या नऊ टेबलांनी 'मॉन्टॅना' लिहिलं. मागून कुणीतरी "थँक यू, लोवेल!" असं ओरडलं. सगळं म्युझियम हसलं.

एकतीस वर्षांत मला कुजबुजायची वेळच आली नव्हती. कोरलीनने माझ्यासमोर कोरे कागद आणि पेन्सिल सरकवली. "आता फक्त लिहा, मिस्टर टिबेट्स. कृपा करून."

त्यानंतर मात्र आम्ही सुटलो. म्हणजे ती सुटली. चित्रांचं साल? १९८६. अॅनी ओकलीचा जन्म कुठला? मी कागदावर वायोमिंग लिहिलं, तिने खोडून ओहायो लिहिलं. ओहायोच निघालं. नाण्यावरचं डोकं घडवणारा शिल्पकार? तिला माहीत. मी प्रत्येक उत्तराला जोरजोरात मान डोलावत होतो, म्हणजे लांबून बघणाऱ्याला आमचं एकमत दिसावं.

शेवटच्या प्रश्नाआधी फळ्यावर: विटमर ४४, आम्ही ४१. आयुष्यात कधी इतके वर गेलो नव्हतो. ऑरिनच्या टेबलाचे ३० होते, तेही बरेच म्हणायचे. त्यांच्याकडे मी बघत नव्हतो. पण नजर जातेच. मिसेस ओबर्ग बोलत होती, आयडेला बोलत होती, ऑरिन दोघींचं ऐकून मग लिहीत होता. आयडेला एकदा हसली. मी तिला हसवून किती दिवस झाले, ते आठवेना.

शेवटचा प्रश्न. थियाने माइकवर सांगितलं: "दहाही चित्रांची नावं लिहा. हवे तेवढे गुण पणाला लावा. दहाही बरोबर आली तर तेवढे मिळतील. एक जरी चुकलं तर तेवढे जातील."

कोरलीनने लिहिलं, दहा गुण लावू. मी पेन्सिल घेतली आणि ४१ लावले. सगळे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं, विश्वास ठेव. तिच्या डोळ्यांनी काय सांगितलं ते मी वाचायला थांबलो नाही.

यादी तिने भराभर लिहिली. नऊ झाली. दहावं लिहिणार, तेवढ्यात मी कागद ओढला.

का ओढला? आत्ता सकाळी कॉफी समोर घेऊन बसलोय आणि खरं सांगतो, यादी मला पाठ होती. सरावाच्या दिवशी तिने दाखवली तेव्हाच पाठ झाली होती. पण तिथे बसल्यावर मला वाटलं, आत्तापर्यंतची सगळी उत्तरं हिची. एक तरी माझं असू दे. उद्या माइकवर उभा राहीन तेव्हा सांगायला एक तरी.

ती म्हणाली, "आई आणि मूल." मी मान हलवली. ती जरा जोरात म्हणाली, "आई आणि मूल, मिस्टर टिबेट्स." मी लिहायला लागलो. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "मत घ्यायचं ठरलंय आपलं." मी म्हणालो, कप्तानाची मतं दोन.

आणि लिहिलं: बफेलो बिल.

बहुतेक तेही जरा मोठ्यानेच म्हणालो. कारण विटमर आपल्या कागदावर वाकला होता तो सरळ झाला आणि माझ्याकडे बघून अगदी हळू, दयाळूपणे, त्याने 'नाही' अशी मान हलवली. चौतीस वर्षं तो आमची गुरं तपासतोय. आता वाचत नाही असं जनावर दिसलं, की मालकाकडे बघून तो अशीच मान हलवतो.

निकाल. विटमर ५४, पहिला. ऑरिनचं टेबल ३५, तिसरं. आम्ही शून्य. आठवे. नववा संघ हायस्कूलच्या पोरांचा, ती मध्यंतरातच बास्केटबॉलची मॅच बघायला निघून गेली होती, म्हणून बाद.

कोरलीनने पर्स उचलली. मला वाटलं, ओरडेल. म्हणाली, "मला चाळीस मैल जायचंय. गुड नाइट." आणि गेली. दारात थांबून ऑरिनचं अभिनंदन करून गेली. माझ्या अंगाला ते बोचलं. बोचायलाच हवं होतं.

घरी येताना गाडीत आयडेलाने रेडिओ लावला नाही आणि बंदही केला नाही. म्हणजे तो बंदच होता. काय लिहितोय मी.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ४

उद्घाटनाला जाणार नव्हतो. आयडेला म्हणाली, "आठवा नंबर आलास म्हणून चित्रं बघायची नाहीत असा काही नियम नाही. नियमांबद्दल तर तू बोलूच नकोस." गेलो.

विटमरने माइक हातात घेतला, त्यावर टकटक केलं आणि म्हणाला, "चित्रं आत आहेत. जा, बघा." माइक ठेवून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. माझ्या खिशात सव्वीस पानं होती.

आत गेलो. तीन आठवडे या चित्रांवर बोललो, वाचलं, पडदा फाडला, मित्राला खोटं सांगितलं. पण पुस्तकातल्या छोट्या चौकोनांपलीकडे ही चित्रं कधी धड पाहिलीच नव्हती. ती मोठी आहेत. माणसाएवढी नाहीत, पण समोर उभं राहिलं की आपण गप्प होतो एवढी. माझ्यासाठी हे बरंच मोठं माप आहे.

आई आणि मुलाचं चित्र कोपऱ्यात होतं. बाई आणि तिला बिलगलेलं मूल. मी तिथे बराच वेळ उभा होतो. बफेलो बिलला इथे कुठे उभा करता आला असता, ते काही दिसेना.

बाजूला कोरलीन येऊन उभी राहिली. बरोबर तिची दहा-बारा वर्षांची मुलगी.

मी म्हणालो, तुम्ही दोनदा सांगितलं होतं.

"तीनदा," ती म्हणाली. "एकदा तुमच्याच स्वयंपाकघरात."

म्हटलं, मी ऐकलं होतं. तिन्ही वेळा. चूक ऐकण्यात नव्हती. मला माफ करा.

ती चित्राकडेच बघत होती. "बाकीचे चाळीस गुण चांगले मिळवले आपण," म्हणाली. मग जराशी हसली. "एकेचाळीस. एक मॉन्टॅना तुमचा."

मुलीने विचारलं, "मॉम, ओरडणारे आजोबा म्हणतेस ते हेच का?"

कोरलीन म्हणाली, हो. मी मुलीशी हात मिळवला. नाव कामिल. अतिशय हळू आवाजात 'हॅलो' म्हणालो. जमलं.

पुढच्या वर्षी संघात याल का, हे विचारलं नाही. विचारायचं तोंड राहिलेलं नाही. आणि तिनेही तसं काही सुचवलं नाही.

आयडेलाबरोबर दुकानात जाऊन पडद्याचं कापड घेतलं. तिने निवडलं. मी मत दिलं नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळी ऑरिनकडे गेलो. सव्वीस पानांतून माफीचं एक पान काढलं, बाकीची शेगडीत घातली. ते पानही काटछाट करून दहा ओळींवर आणलं. गाडीत दोनदा म्हणून पाहिलं. ठीक वाटलं. मोठं नाही, नाटकी नाही.

ऑरिन अंगणात होता. समोर एक भलं थोरलं खेचर, कुण्या पाहुण्याचं. मी तोंड उघडून "ऑरिन" म्हटलं मात्र, खेचराने कान पाडले, मागचे दोन्ही पाय हवेत गेले आणि ऑरिनची पेटी अंगणाच्या पलीकडे जाऊन पडली.

ऑरिनने ओठांवर बोट ठेवलं. कुजबुजत म्हणाला, "माणसाचा आवाज सहन होत नाही त्याला. कुणीतरी छळलंय पूर्वी." मग दोरीचं टोक माझ्यापुढे धरलं.

मी दोरी घेतली. त्याने पहिला पाय उचलला.

दीड तास. खूर तासताना कानशीचा आवाज, खेचराचा श्वास, वाऱ्याचा आवाज. दुसरं काही नाही. माझ्या घशाशी दहा ओळी जमलेल्या. मध्ये दोनदा वाटलं, एवढ्यात सांगून टाकावं. दोन्ही वेळा खेचराने नुसतं माझ्याकडे डोळे वळवून पाहिलं. इतक्या लक्षपूर्वक माझ्या बोलण्याची वाट आजवर कुणी पाहिली नव्हती, लिलावातसुद्धा नाही.

तिसऱ्या पायानंतर ऑरिनने पाठ सरळ केली, घाम पुसला. माझ्याकडे न बघता, त्या खेचरालाच सांगावं तसा, हळूच म्हणाला, "संघातून काढलंस त्याचं काही नाही, लेका. मी सावकाश आहे, मला ठाऊक आहे. तू खोटं बोललास त्याचं वाईट वाटलं."

हे बोलायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. बरेच दिवस तयार असावं.

मला सांगायचं होतं की मला कळतंय. सांगायचं होतं की त्या दिवशी पुस्तकातल्या गवताच्या काड्या बघितल्या आणि खरं बोलायचा धीर झाला नाही. की त्या चाळीस खुर्च्यांपैकी एकीवर मी परवा बसलो होतो आणि मला बसवत नव्हतं. एवढं सगळं होतं. आणि हातात दोरी.

मी मान हलवली. पुरेशी वाटली नाही म्हणून परत हलवली. डोळे जरा भरून आले होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

ऑरिनने वळून माझ्याकडे नीट पाहिलं. नेहमीसारखा वेळ घेऊन.

"बरं," म्हणाला. "धर घट्ट. मागचा डावा राहिलाय."

धरली.